अभ्यासिकेच्या नेटवर्क जोडणीवर देखरेख : प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाला जोडून एक अभ्यासिका आहे. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत ती उघडी असते आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी चाळीसेक मुले-मुली तिथे बसतात. व्याख्याने पाहणे, जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घेणे आणि मुख्य म्हणजे परीक्षांचे अर्ज भरणे ही सारी कामे एकाच फायबर जोडणीवर चालतात. गेले दोन महिने "नेट गेलं" ही तक्रार जवळजवळ रोज येते. ग्रंथपाल मॅडम सेवा देणाऱ्या कंपनीला फोन करतात, तिकडून "आमच्याकडे सगळं चालू दिसतंय" असे उत्तर येते, आणि खरे कोणाचे हे ठरवायला दोन्ही बाजूंच्या हातात काहीच नसते. मागच्या महिन्यात मुदतीच्या शेवटच्या दिवशी शुल्क भरताना पान अडकले आणि एका मुलीचा अर्ज राहून गेला. तिचे त्या परीक्षेपुरते वर्ष गेले. त्यानंतर हे काम पुढे ढकलणे मला योग्य वाटले नाही.

घरी पडून असलेला रास्पबेरी पाय ३ हा छोटा संगणक (पुढे नुसता "पाय") वाचनालयात आणून राउटरच्या मागच्या लॅन पोर्टला तारेने जोडला आहे. वाय-फायवर तो मुद्दाम ठेवला नाही, कारण वाय-फायचे स्वतःचे दोष मोजणीत मिसळले तर जोडणीचा दोष कोणता आणि लहरींचा कोणता हे पुढे वेगळे काढता येणार नाही. तयार देखरेख-प्रणाली बसवण्याऐवजी साधी बॅश स्क्रिप्ट, म्हणजे लिनक्सच्या आज्ञा ओळीने लिहिलेली फाइल, लिहिण्याचे ठरवले आहे. माझ्यानंतर जो कोणी हे सांभाळेल त्याला ती एका बैठकीत वाचून समजली पाहिजे, एवढी एकच अट मी स्वतःला घातली आहे.

५ जून २०२४, बुधवार

पहिला मसुदा दहा ओळींचा झाला : दर मिनिटाला क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीने) स्क्रिप्ट चालवायची, ८.८.८.८ या इंटरनेटवरील पत्त्याला पिंगची, म्हणजे "आहेस का" असे विचारणारी, तीन पॅकेट पाठवायची, आणि उत्तराच्या मजकुरात "०% पॅकेट लॉस" हे शब्द सापडले तर "सुरळीत", नाही तर "खंडित" असे लिहायचे. दिवसभर "सुरळीत" ही एकच नोंद होत राहिली. संध्याकाळी खात्री करण्यासाठी राउटरच्या मागची, बाहेरून येणारी तार मी स्वतः काढली आणि पाच मिनिटे थांबलो. लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलीत, त्या पाचही मिनिटांपुढे "सुरळीत" असेच लिहिलेले होते.

चूक शोधायला वेळ लागला नाही, पण ती मनात कोरून ठेवण्यासारखी आहे. सर्व पॅकेट हरवली की पिंग "१००% पॅकेट लॉस" असे छापतो, आणि "०% पॅकेट लॉस" हा मजकूर त्या ओळीच्या पोटातच असतो. त्यामुळे शब्द शोधणाऱ्या ग्रेप या आज्ञेला संपूर्ण अपयशातही यशाचीच खूण सापडत होती. आता मजकुराऐवजी पिंगचा एक्झिट कोड, म्हणजे काम संपताना तो देतो तो निकालाचा आकडा, तपासतो : शून्य म्हणजे उत्तर आले, एक म्हणजे एकही उत्तर आले नाही, आणि दोन म्हणजे वेगळीच काही अडचण, उदाहरणार्थ दिलेल्या नावाचा पत्ताच न मिळणे. यातही एक मेख आहे. तीनपैकी एकाच पॅकेटला उत्तर मिळाले तरी कोड शून्यच येतो, म्हणून गळती किती हे वेगळे मोजावे लागते. शिवाय पिंगचे उत्तर पाइपने दुसऱ्या आज्ञेकडे दिले, तर हाती येणारा कोड त्या दुसऱ्या आज्ञेचा असतो, पिंगचा नसतो. म्हणून उत्तर आधी एका चलात साठवून कोड लगेच उचलून घेतो.

मी हाताने तार काढून पाहिली नसती, तर ही स्क्रिप्ट महिनाभर खोटी साक्ष देत राहिली असती. यापुढे स्क्रिप्टमध्ये काहीही बदलले की तार काढून पाहायची, हा नियम लॉगच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवला आहे.

८ जून २०२४, शनिवार

एकाच पत्त्याला हाक मारून "नेट आहे की नाही" हे ठरवता येत नाही, हे तीन दिवसांत स्पष्ट झाले. काल दुपारी स्क्रिप्टने चार मिनिटांचा खंड दाखवला आणि त्याच वेळी मुले निर्धास्तपणे व्याख्यान पाहत होती. त्या एका पत्त्यानेच तेवढ्या वेळात पिंगला उत्तर दिले नव्हते. पिंग हे साधन माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले आणि ते आजही तेवढेच उपयोगी आहे, पण पलीकडच्या यंत्रावर पिंगला उत्तर देण्याचे बंधन नसते, हे मोजणाऱ्याने लक्षात ठेवले पाहिजे. आता १.१.१.१ आणि ८.८.८.८ असे वेगवेगळ्या संस्थांचे दोन पत्ते घेतले आहेत आणि दोन्ही गप्प राहिले तरच बाहेरची वाट बंद आहे असे मानतो.

त्याहून महत्त्वाचा बदल म्हणजे आता चार पायऱ्या वेगवेगळ्या तपासतो, आणि लॉगमध्ये त्यांना मी चार साधी नावे दिली आहेत. "तार" म्हणजे पाय आणि राउटर यांच्यातील केबलवर विद्युत-संकेत आहे का. हे लिनक्सच्या सिस फाइलसिस्टिममधील कॅरिअर नावाच्या फाइलीत एक किंवा शून्य असे वाचायला मिळते, त्यासाठी एकही पॅकेट पाठवावे लागत नाही. "दार" म्हणजे राउटर, अर्थात गेटवे, पिंगला उत्तर देतो का. "बाहेर" म्हणजे वर सांगितलेले दोन पत्ते. आणि "नाव" म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता मिळतो का, कारण हे काम करणारी डीएनएस ही सेवा बंद पडली की बाकी सारे ठीक असूनही ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही आणि वापरणाऱ्याला ते "नेट गेलं" असेच दिसते. खंड यांपैकी नेमक्या कोणत्या पायरीवर पडला, हे कळल्याशिवाय कोणाकडेही तक्रार करायची नाही, असे ग्रंथपाल मॅडम आणि मी मिळून ठरवले.

१२ जून २०२४, बुधवार

क्रॉनची लहानात लहान मुदत एक मिनिट असते आणि चाळीस सेकंदांचा खंड तिच्या फटीतून सहज निसटतो. म्हणून क्रॉन सोडून दर दहा सेकंदांनी फिरणारे लूप लिहिले आणि ते लिनक्समधील कामे चालू ठेवणाऱ्या सिस्टिमडी सेवेच्या स्वाधीन केले; स्क्रिप्ट कोलमडलीच तर सेवा ती पुन्हा सुरू करते. लूपमध्ये नुसते "दहा सेकंद झोप" असे लिहिले की प्रत्येक फेरीला पिंगचा वेळ वरून मिळतो आणि मोजणी हळूहळू सरकत जाते, म्हणून झोपेची मुदत घड्याळातील सेकंदांना दहाने भागून उरणाऱ्या बाकीवरून काढतो. दार आणि बाहेरचे दोन पत्ते यांचे तिन्ही पिंग पार्श्वभूमीत एकदम सोडतो आणि शेवटी तिघांची वाट पाहतो, त्यामुळे सगळे बंद असले तरी फेरी चार-पाच सेकंदांत संपते.

एक नमुना चुकला म्हणून लगेच खंड लिहीत नाही. सलग तीन नमुने चुकले की खंड जाहीर होतो, पण त्याची सुरुवात पहिल्या चुकलेल्या नमुन्याच्या वेळेपासून धरली जाते. सलग दोन नमुने जमले की खंड संपतो. प्रत्येक नमुना मेमरी कार्डावर लिहिणे टाळले आहे, कारण दिवसाला ८६४० नमुने होतात आणि इतक्या वारंवार लिहिण्याने कार्ड झिजते. नमुने रॅममधील तात्पुरत्या जागेत राहतात. कार्डावर फक्त स्थिती बदलल्याची ओळ आणि तासाला एक "मी जागा आहे" अशी ओळ जाते. ही दुसरी ओळ मला फार मोलाची वाटते. तिच्याशिवाय लॉगमधील शांततेचे दोन अर्थ होतात : जोडणी उत्तम होती, किंवा मोजणारेच यंत्र बंद होते.

१७ जून २०२४, सोमवार

शनिवारी रात्री गावातील वीज दोन तास गेली. परत आल्यावरच्या लॉगमध्ये आधीच्या ओळीपेक्षा मागची वेळ छापलेली दिसली, आणि एक खंड तर सुरू होण्यापूर्वीच संपला होता. पाय ३ वर बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. सुरू होताना तो कार्डावर शेवटची साठवलेली वेळ उचलतो, ती तासाभरापर्यंत जुनी असू शकते, आणि खरी वेळ त्याला इंटरनेटवरूनच मिळते. नेट नसताना वेळही नाही, म्हणजे ज्या क्षणी अचूक वेळेची सर्वांत जास्त गरज त्याच क्षणी ती हाताशी नाही.

दोन उपाय केले. डीएस३२३१ हे बॅटरीचे छोटे घड्याळ पायला जोडले. ते वर्षाला मिनिटभराच्या आसपासच चुकते, आपल्या कामाला ते पुष्कळ झाले. आणि प्रत्येक ओळीत भिंतीवरच्या वेळेबरोबर यंत्र सुरू झाल्यापासूनचे सेकंदही लिहू लागलो, म्हणजे घड्याळ मधेच दुरुस्त झाले तरी खंडाची लांबी बिघडत नाही. पायला एका पॉवर बँकेचा आधारही दिला आहे, त्यामुळे वीज गेली तरी तो जागा राहून ती गेल्याची नोंद करील.

२४ जून २०२४, सोमवार

या आठवड्यात लॉगने प्रथमच काही सांगितले. १८, २०, २२ आणि २४ तारखेला सकाळी ७ वाजून ५ मिनिटे ते ७ वाजून २५ मिनिटे या वेळात प्रत्येकी एक खंड आहे, आणि चारही खंडांची चाल एकसारखी आहे : आधी "तार" शून्यावर जाते, सुमारे एका मिनिटाने तार आणि दार परत येतात, आणि आणखी पन्नासेक सेकंदांनी "बाहेर" परत येते. एकूण वेळ दर वेळी ११० सेकंदांच्या जवळ आहे. कंपनीच्या बाजूला दोष असता तर तार आणि दार जागीच राहिले असते. इथे राउटर स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू होतो आहे, आणि ११० सेकंद हा त्याला उठून कंपनीशी संधान बांधायला लागणारा वेळ आहे. हाताने राउटर बंद-चालू करून मी तो पडताळून पाहिला.

एक दिवसाआड हे का व्हावे, याचा मी दुपारपर्यंत विचार करत होतो. राउटरची वेळापत्रके पाहिली, अपडेटची नोंद पाहिली, काही सापडले नाही. शेवटी शिपाईकाकांना तारखा वाचून दाखवल्या, तेव्हा ते म्हणाले, "अहो, हे तर पाण्याचे दिवस." नगरपंचायतीचे पाणी एक दिवसाआड सकाळी येते आणि ते आले की इमारतीची मोटर लावतात. मोटरचा आणि आमचा मीटर वेगळा असला तरी इमारतीत येणारी मुख्य वायर एकच आहे.

२६ जून २०२४, बुधवार

आज पाण्याचा दिवस होता, म्हणून पावणेसातलाच जाऊन राउटरसमोर बसलो. ७ वाजून १२ मिनिटांनी मोटर सुरू झाल्याचा आवाज आला, ट्यूबलाइट क्षणभर मंदावली आणि राउटरचे सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागले. शेजारी फायबर आणणारा ओएनटीचा डबा मात्र चालूच होता.

मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कित्येक पट प्रवाह ओढते आणि व्होल्टेज क्षणभर खाली येते. राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापले आहे, त्यामुळे चांगल्या अ‍ॅडॅप्टरने एवढा धक्का सहज सोसायला हवा. हा अ‍ॅडॅप्टर सहा वर्षांचा आहे. उद्या तेवढ्याच १२ व्होल्ट आणि १ अँपिअरचा नवा अ‍ॅडॅप्टर लावून पाहतो.

३ जुलै २०२४, बुधवार

नवा अ‍ॅडॅप्टर लावल्यावर २८ आणि ३० जूनला मोटर लागूनही खंड पडला नाही. दोन दिवसांवर विसंबून राहण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून काल, २ जुलैला, मुलांना आदल्या रात्री सांगून ठेवून जुना अ‍ॅडॅप्टर मुद्दाम परत लावला. ७ वाजून १६ मिनिटांनी राउटर पुन्हा गेला. आता शंका उरली नाही. गावातल्या इलेक्ट्रिशियनने जुना अ‍ॅडॅप्टर उघडून दाखवला तेव्हा आतला कपॅसिटर वरून फुगलेला होता. दोन महिने या खंडांसाठी आम्ही कंपनीला दूषणे देत होतो. ग्रंथपाल मॅडमनी तसे कंपनीच्या स्थानिक कार्यालयाला फोन करून सांगितले, हे मला फार बरे वाटले.

तक्रारी मात्र पूर्ण थांबलेल्या नाहीत. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात मुले अजूनही "नेट गेलं" म्हणतात आणि लॉगमध्ये त्या वेळी एकही खंड नाही. म्हणून पिंगच्या शेवटच्या ओळीतून सरासरी वेळही काढू लागलो. ती ओळ तिरप्या रेघांवर तोडली की पाचव्या तुकड्यात सरासरी मिळते आणि मजकूर तोडणाऱ्या ऑक या आज्ञेला त्यासाठी एवढेच सांगावे लागते. दिवसा ही सरासरी १२ ते १५ मिलिसेकंद असते, काल रात्री आठ वाजता ती ४८० झाली होती. पॅकेट हरवत नव्हती, नुसती रांगेत उभी होती. अभ्यासिकेच्या वाय-फायवर आले की मुलांच्या फोनमधील छायाचित्रे आपोआप वर चढू लागतात, वर जाणारी वाट भरते, आणि राउटर प्रत्येक पॅकेट टाकून देण्याऐवजी लांबलचक रांगेत धरून ठेवतो. एका लॅपटॉपवरून मोठी फाइल वर चढवून मी हे हवे तेव्हा घडवून आणू शकलो. या दोषाला जिम गेटिस यांनी बफरब्लोट असे नाव दिले आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली कोडेल ही रांग सांभाळण्याची पद्धत त्यावरचा उतारा आहे. आमच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली चालते, त्यामुळे त्या घराण्यातील एफक्यू-कोडेल चालू करून वेगाची मर्यादा योजनेतील वेगाच्या नव्वद टक्क्यांवर ठेवली. आज रात्री आठ वाजता त्याच गर्दीत सरासरी ३१ मिलिसेकंद राहिली.

लॉगमध्ये "मंद" ही नवी स्थिती घातली आहे : सलग सहा नमुन्यांची सरासरी १५० मिलिसेकंदांच्या वर गेली की ती लागते. अर्ज भरणाऱ्याच्या दृष्टीने मंद आणि खंडित यांत फारसा फरक नसतो, आणि आपली मोजणी शेवटी त्याच्यासाठी आहे.

१० जुलै २०२४, बुधवार

खंड पडल्याचा निरोप त्याच जोडणीवरून पाठवता येत नाही, म्हणून निरोपाची दिशा उलटी केली. पाय दर पाच मिनिटांनी पुण्यातील एका मित्राच्या सर्व्हरवर कर्ल या आज्ञेने एक छोटी खूण पाठवतो, आणि ती बारा मिनिटांत आली नाही तर तो सर्व्हर मला आणि ग्रंथपाल मॅडमना संदेश करतो. सुरुवातीला कर्लला वेळेची मर्यादा घालायची राहून गेली होती. काल रात्री जोडणी अर्ध्यातच तुटली, कर्ल उत्तराची वाट पाहत अडकून बसला, आणि जोडणी परत आल्यावरही खूण जाईना. आता कमाल दहा सेकंद ही मर्यादा आहे. खूण पाठवण्याचे काम मोजणीच्या लूपबाहेर ठेवले होते म्हणून मोजणी तरी थांबली नाही.

१८ जुलै २०२४, गुरुवार

९, १३ आणि १७ जुलैला संध्याकाळी १२, ४७ आणि ३१ मिनिटांचे खंड पडले. तिन्ही वेळा तार आणि दार शाबूत आहेत, बाहेरचे दोन्ही पत्ते गप्प आहेत, आणि काल अभ्यासिकेतील एका मुलाने ओएनटीवरचा लाल दिवा लागलेला पाहिला; तो दिवा प्रकाश येत नसल्याचे सांगतो. हे राउटरच्या पलीकडचे काम आहे. सुरुवात, शेवट आणि चारही पायऱ्यांची स्थिती असा एका पानाचा तक्ता कंपनीला पाठवला. या वेळी "सगळं चालू दिसतंय" हे उत्तर आले नाही. माणूस पाठवतो, असे उत्तर आले.

२२ जुलै २०२४, सोमवार

कंपनीचे तंत्रज्ञ दुपारी आले. त्यांच्या मीटरवर ओएनटीपाशी उणे २६.८ डीबीएम (प्रकाशाची शक्ती मोजण्याचे एकक; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी) एवढाच प्रकाश पोहोचत होता. या वर्गाच्या ओएनटीची क्षमता उणे २७ पर्यंतच असते, म्हणजे जोडणी काठावर उभी होती. फायबरची वायर मागे मागे तपासत ते खिडकीपाशी थांबले. वायर चौकटीच्या कोपऱ्यातून आत घेतलेली आहे, आणि पावसाची सर आत येऊ नये म्हणून खिडकी घट्ट ओढून घेतली की झडप त्या वायरवर दाबून बसते. त्यांनी झडप पुरती ओढली आणि लाल दिवा आमच्या डोळ्यांदेखत लागला. काचेचा तंतू ठरावीक मर्यादेपलीकडे वाकला की प्रकाश वळणावरच बाहेर गळतो. जोराच्या सरीत खिडकी बंद आणि सर ओसरली की उघडी, यावरून १२, ४७ आणि ३१ मिनिटांचाही उलगडा झाला. शिपाईकाकांना तिन्ही संध्याकाळच्या सरी आठवत होत्या.

वायर खिडकीतून काढून भिंतीला पाडलेल्या नव्या भोकातून आत घेतली आणि टोकाला नवा कनेक्टर बसवला. आता मीटरवर उणे २०.४ आहे. तंत्रज्ञांनी तक्त्याची एक प्रत मागून घेतली.

३१ जुलै २०२४, बुधवार

२२ तारखेनंतर दोन खंड आहेत आणि दोन्ही वीज गेल्यामुळे : पाय पॉवर बँकेवर जागा होता, तार शून्यावर होती, म्हणजे राउटरच बंद होता. राउटर आणि ओएनटी दोघांनाही १२ व्होल्ट लागतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन टोकांचा एक छोटा यूपीएस मागवला आहे. तो पुढच्या आठवड्यात येईल. तो बसवल्यावर वीज गेल्याची खूण तारेवरून मिळणार नाही, तेव्हा पायची चार्जिंगची वायर भिंतीच्या सॉकेटवर तशीच ठेवून वीज आहे की नाही ही पाचवी पायरी कशी वाचायची, ते पाहायचे आहे.

ग्रंथपाल मॅडमनी तक्त्याचा कागद टेबलामागच्या भिंतीवर लावला आहे आणि रोज सकाळी आदल्या दिवसाची ओळ त्या हाताने भरतात. त्यांनी एक रकाना स्वतःहून वाढवला आहे : त्या दिवशी कोणत्या अर्जाची मुदत संपते. मुदतीच्या दिवशी खूण चुकली तर सर्व्हरने बारा मिनिटे न थांबता सहाव्या मिनिटालाच संदेश करावा, अशी त्यांची मागणी आहे. त्यासाठी तारखांची एक छोटी फाइल लागेल, आणि ती भरण्याचे काम अभ्यासिकेतील दोघींनी घेतले आहे. त्यांपैकी एक, मे महिन्यात जिचा अर्ज राहिला होता, ती आहे.